टाकी हिरवी झाली? आधी दुकानदाराने आरशात बघावं



मागच्या व्हिडिओत आपण फिश टँकचं दुकान टाकायला किती भांडवल लागतं, माल कुठला ठेवायचा, मार्जिन कशात आहे हे बघितलं. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, शेवाळावर कोणतं औषध ठेवायचं? कोणत्या बाटलीत जास्त सुटतात?"

माझं उत्तर काही जणांना आवडणार नाही, पण सांगतो. बाटली ठेवायची तर एका कोपऱ्यात ठेवा, आणि ग्राहकाने मागितली तरी पहिल्या भेटीत देऊ नका. कारण घराघरात ज्या टाक्या हिरव्या होतात, त्यातल्या बऱ्याच टाक्यांचं बी आपल्याच काउंटरवरून गेलेलं असतं. आधी आपण चुकीचा माल विकतो, मग त्या चुकीवर औषध विकतो. याला धंदा म्हणत नाहीत. असं करणाऱ्या दुकानाचे ग्राहक एकेक करून कमी होत जातात आणि दुकानदाराला पत्ताही लागत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी स्वतः हे केलं आहे.

माझ्या काउंटरवर परत आलेली टाकी

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मे महिना, भंडाऱ्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. एक काकाजी आले. नातीसाठी माझ्याकडूनच दोन फुटी टाकी नेली होती. म्हणाले, "भाऊ, पानी पुरं हिरवं होऊन रायलं. मासे दिसतच नाही." मी काहीच विचारलं नाही. टाकी कुठे ठेवली आहे, लाइट किती वेळ चालू असतो, खाद्य कोण टाकतं, पाणी कधी बदललं, एकही प्रश्न नाही. मागच्या फळीवरून बाटली काढली, "रात्री दोन झाकणं टाका, सकाळी पाणी साफ," असं सांगितलं आणि पैसे गल्ल्यात टाकले.

त्याच रात्री त्यांच्याकडची लाइट गेली. हवेचा पंप बंद. पाणी आधीच गरम, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्यात औषधाने सगळं शेवाळ एकदम मेलं. मेलेलं शेवाळ कुजायला लागलं की कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही खातात. सकाळी चौदापैकी अकरा मासे वर तरंगत होते.

दोन दिवसांनी काकाजी रिकामी टाकी घेऊन आले आणि काउंटरवर ठेवली. भांडले नाहीत. पैसे परत मागितले नाहीत. एवढंच म्हणाले, "ठेवून घे बाबू हे. नातीले सांगतलो का मासे तलावात सोडले."

भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणारा ग्राहक निदान परत येतो. बीबीएला मी 'कस्टमर रिटेन्शन'वर वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पण तो धडा मला त्या दिवशी कळला.

शेवाळ म्हणजे रोग नाही, तो हिशोब आहे

आपण धानाच्या मुलखातली माणसं आहोत, म्हणून बांधीचं उदाहरण घेऊ. बांधीत पाणी आहे, ऊन आहे, तुम्ही युरिया टाकला, पण रोवणीच केली नाही. काय होईल? तण माजेल. तणाला शिव्या देऊन उपयोग नाही. खत पडलं आहे, ते कोणीतरी खाणारच.

टाकीत हेच होतं. मासा खाद्य खातो, त्याची विष्ठा पडते, उरलेलं खाद्य तळाशी कुजतं. त्यातून अमोनिया निघतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे चांगले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी आहेत, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. पण नायट्रेट म्हणजे वनस्पतीसाठी खतच. खाद्यातून फॉस्फेटही येतं. वरून दिवसभर लाइट. म्हणजे खत तयार, ऊन तयार, पीक मात्र नाही. मग शेवाळ येणार नाही तर काय येणार?

आता आपला काउंटर बघा. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकीत साधारण पन्नास लिटर पाणी बसतं. त्यात आपण हौसेने वीस मासे देतो, कारण प्रत्येक माशामागे पैसे सुटतात. गोल्डफिश घाण जास्त करते हे माहीत असून चार-पाच गोल्डफिश देतो. टाकी झगमगीत दिसावी म्हणून सगळ्यात प्रखर एलईडी पट्टी लावून देतो. खाद्याचा मोठा डबा देतो आणि "दिवसातून दोन-तीनदा टाका" म्हणतो, कारण डबा लवकर संपला पाहिजे. खऱ्या वनस्पतीऐवजी प्लॅस्टिकची झाडं देतो. आणि पाणी बदलायचं असतं, हे सांगायचं विसरतो.

सांगा, ही टाकी हिरवी कोणी केली?

कोणतं शेवाळ काय सांगतं

ग्राहकाला मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगा. फोटो बघून अर्धं निदान होतं.

काचेवर, खड्यांवर तपकिरी धुरळा दिसतो आणि टाकी एक-दोन महिन्यांचीच आहे, तर ते डायटम. नव्या टाकीत हे येतंच. फडक्याने पुसलं की निघतं, टाकी स्थिरावली की बहुतेक वेळा आपोआप कमी होतं. इथे औषध विकणं म्हणजे बाळाला दात येताहेत म्हणून इंजेक्शन देण्यासारखं आहे.

पाणीच हिरवं झालं, मूग भिजवल्यासारखं, तर शेवाळाच्या अतिसूक्ष्म पेशी पाण्यात तरंगत आहेत. खिडकीचं ऊन आणि जास्तीचं खाद्य, ही त्याची नेहमीची जोडी. पाणी बदलूनही दोन दिवसांत परत हिरवं होतं, म्हणून ग्राहक वैतागतो. टाकी ऊन नसलेल्या जागी हलवा, तीन-चार दिवस लाइट पूर्ण बंद ठेवा, वरून चादर झाका, हवेचा पंप चालू ठेवा आणि नंतर पाणी बदला.

केसांसारखे हिरवे धागे असतील तर लाइट आणि खत दोन्ही जास्त. टूथब्रशवर गुंडाळून हाताने काढा, लाइटचे तास कमी करा.

निळसर हिरवी, बुळबुळीत साय पसरली आहे आणि वास मारते, तर ते खरं शेवाळ नाही. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. साय नळीने ओढून काढा, तळ साफ करा, काही दिवस अंधार करा. काही जण माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या फोडून टाकतात. तसं स्वतः करू नका आणि कोणाला सांगूही नका. त्यात फिल्टरमधले चांगले जिवाणूही मरू शकतात, मग अमोनिया वाढतो आणि मासे जातात.

मी आता ग्राहकाला काय सांगतो

पाच गोष्टी. एका चिठ्ठीवर छापून घेतल्या आहेत. टाकी विकली की ती चिठ्ठी टाकीच्या बाजूला चिकटवून देतो.

१. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. लाइट दिवसातून सहा ते आठ तास, त्याहून जास्त नाही. आठवण राहत नसेल तर साधा प्लग टायमर लावा.

२. खाद्य दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. निरोगी मोठा मासा एका दिवसाने मरत नाही.

३. दर आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदला. पन्नास लिटरच्या टाकीत बारा लिटर, म्हणजे एक बादलीही भरत नाही. पूर्ण पाणी एकदम बदलू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून क्लोरीन काढणारे थेंब टाकून मगच पाणी ओता.

४. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. नळाखाली घासून पांढराशुभ्र केला तर चांगले जिवाणू धुऊन जातात.

५. जिवंत वनस्पती लावा. म्हणजेच रोवणी करा. खत तिने खाल्लं की शेवाळाला कमी उरतं.

हे सगळं करूनही शेवाळ हटत नसेल तर पाणी कुठलं आहे ते विचारा. बोअरचं असेल तर एखाद्या वेळी त्यातच नायट्रेट जास्त असतं. मग पाणी बदलणं म्हणजे आणखी खत टाकणं. दुकानात एक नायट्रेट तपासणीचं किट ठेवा आणि ग्राहकाचं पाणी फुकट तपासून द्या. त्या पाच मिनिटांत जो विश्वास बसतो, तो जाहिरातीने बसत नाही.

'सकर' विकून पळवाट काढू नका

"शेवाळ झालं? एक सकर टाका, सगळं चाटून खाते." हे वाक्य मीही शंभरदा बोललो असेन. दोन इंचांचा सकर गोंडस दिसतो. पण आपल्याकडे 'सकर' म्हणून जो प्लेको विकला जातो, तो एक फुटापेक्षा मोठा होतो. मोठा झाला की शेवाळ कमी खातो आणि घाण भरपूर करतो. पन्नास लिटरच्या टाकीत तो मावत नाही. मग ग्राहक काय करतो? दया येते म्हणून तलावात सोडून देतो.

हा मासा दक्षिण अमेरिकेतला. इथल्या पाण्यात तो तग धरतो, वाढतो, आणि अंगावर कडक काटेरी कवच असल्याने जाळीही फाडतो. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. आपल्या जिल्ह्यात ढिवर बांधवांचं पोट तलावांवर आहे. माझ्या काउंटरवरच्या एका सकरमागे मला सुटणारे दहा-वीस रुपये आणि कोणाच्या तरी तलावाचं नुकसान, हा सौदा मला मान्य नाही. मी प्लेको विकणं बंद केलं. ज्यांना टाकीतला मासा नको झाला आहे, त्यांनी तो तलावात न सोडता दुकानात आणून द्यावा, असा बोर्डही लावला आहे.

आपल्या जिल्ह्याला हे आधीपासून माहीत आहे

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले तलाव, ज्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो, आजही गावोगाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि अनेक ठिकाणी देखभाल सुटली. गाळ साचला, बेशरम माजली, पाण्यातल्या मूळच्या वनस्पती गेल्या आणि त्यांच्यासोबत स्थानिक मासेही कमी झाले.

यावर मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांसोबत जे काम केलं, ते प्रत्येक फिश टँकवाल्याने समजून घ्यावं. त्यांनी तलावात औषध ओतलं नाही. बेशरम उपटून काढली आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावल्या. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान ढिवरांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतंच. वनस्पती आल्या, मग मासे आले.

आणि हिशोब बिघडला की काय होतं, तेही आपल्या दाराशीच आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, आणि पुढे गोसीखुर्दच्या साठ्यात थांबतं. वाहतं पाणी अडलं, वरून खत येतच राहिलं, की जलपर्णी आणि हिरवा थर येणारच. तुमची दोन फुटी टाकी आणि ते एवढं मोठं धरण, दोन्हींचा नियम एकच आहे. आत काय येतं ते आधी कमी करा.

गंमत म्हणजे हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया याच टाकीसाठी सगळ्यात सोप्या वनस्पती आहेत. महागडा लाइट लागत नाही. गोल्डफिश हायड्रिला कुरतडते, कुरतडू द्या, ती परत वाढते. फक्त बाहेरून आणलेली वनस्पती थेट टाकीत टाकू नका. धुऊन एक-दोन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा, म्हणजे गोगलगायी, चतुराच्या अळ्या आणि शेतातल्या फवारणीचा अंश टाकीत जाणार नाही. आणि जलपर्णी घरी आणू नका, कितीही सुंदर फुलली तरी.

"पण सर, असं केलं तर पोट कसं भरणार?"

हा प्रश्न रास्त आहे. आकड्यात बघू. समजा एका बाटलीमागे तुम्हाला पन्नास रुपये सुटतात. ग्राहक वर्षात तीन बाटल्या नेईल, चौथ्यांदा टाकी माळ्यावर जाईल. दीडशे रुपयांत ग्राहक संपला. आता ज्याची टाकी स्वच्छ आहे, तो समजा महिन्याला दोनशेचा माल नेतो. खाद्य, स्पंज, वनस्पती, कधी दोन मासे. त्यात साठ रुपये सुटले तर वर्षाचे सातशे वीस. शिवाय त्याच्या घरी आलेला पाहुणा टाकी बघतो आणि विचारतो, "कुठून घेतली?" हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही तुमच्या दुकानाचे घालून बघा. उत्तर उलटं येईल असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा की ग्राहकाला हातात काहीतरी हवं असतं, नुसता सल्ला घेऊन तो जात नाही. बरोबर. मग त्याच्या हातात टायमर द्या, काच घासायचं मॅग्नेट द्या, तळ साफ करायची नळी द्या, हायड्रिलाची जुडी द्या. या वस्तूंमध्येही मार्जिन आहे आणि त्या खरंच काम करतात. ज्यांना वेळ नाही त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा जाऊन टाकी साफ करून देण्याची सेवा सुरू करा. दवाखाने, हॉटेलं, ऑफिसं याचे पैसे आनंदाने देतात.

तिसरा आक्षेप. "मी नाही दिली तर शेजारचा देईल." देऊ द्या. टाकी बिघडली की ग्राहक त्याचं नाव घेईल, तुमचं नाही.

औषध कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. सगळं करून झालं, तरी धाग्यांचं शेवाळ जात नाही, तर शेवटचा उपाय म्हणून वापरा. पण शेवाळ आधी हाताने जेवढं निघेल तेवढं काढा, मात्रा मोजून घाला, हवेचा पंप चालू ठेवा, आणि लाइट जाण्याची शक्यता असेल त्या रात्री टाकूच नका. टाकीत कोळंबी किंवा गोगलगाय असेल तर तांबं असलेलं औषध अजिबात नको, ती मरतात.

काही जण अनुदानाचं विचारतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात परसातल्या शोभिवंत मासे संगोपन युनिटसाठी तीन लाखांचा प्रकल्प खर्च धरला होता. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होतं. सध्या काय चालू आहे ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. पण एक लक्षात ठेवा, अनुदानातून टाक्या येतील, ग्राहक येणार नाहीत.

या आठवड्याचं काम

दुकान असेल तर तीन गोष्टी करा. एक, टाकी विकताना "पहिल्या दोन महिन्यांत तपकिरी धुरळा येईल, घाबरू नका" हे वाक्य बोला. दोन, पाच मुद्द्यांची चिठ्ठी छापून घ्या. तीन, शेवाळाची तक्रार घेऊन जो पहिला ग्राहक येईल, त्याला काहीही विकण्याआधी चार प्रश्न विचारा. टाकी कुठे आहे, लाइट किती तास असतो, खाद्य किती आणि कोण टाकतं, पाणी कधी बदललं. बऱ्याच घरी चौथ्या प्रश्नालाच उत्तर सापडतं. कधी तिसऱ्याला, कारण आजी, आई आणि नात तिघीही खाद्य टाकत असतात.

दुकान अजून टाकलं नसेल तर घरी एक टाकी लावा आणि सहा महिने चालवून दाखवा. स्वतःची टाकी ज्याला सांभाळता येत नाही, त्याने दुसऱ्याला विकू नये.

काकाजींची ती टाकी माझ्या काउंटरवर आजही आहे. व्हिडिओत माझ्या डाव्या हाताला दिसते तीच. त्यात हायड्रिला आहे, सहा मासे आहेत, आणि आजवर औषधाचा एक थेंब टाकलेला नाही. त्यांना निरोप पाठवला होता, नातीला घेऊन या म्हणून. अजून आले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या व्हिडिओत हीच टाकी पूर्ण साफ करून दाखवतो, बादली, नळी, स्पंज, सगळं. वही-पेन घेऊन बसा.